नोमिनच्या गाडीतली तुझी बॅटरी

उलानबातर
१९ ऑक्टोबर

चि. चोइजिल यास अनेक आशीर्वाद.

तू, मी आणि या शहरात उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची जुनी हायब्रिड चालवणारे सगळे लोक, आपलं एक गाऱ्हाणं सारखं आहे. ज्या बॅटरीच्या भरवशावर आपण हिवाळ्यात घराबाहेर पडतो, तिच्याबद्दलचं खरं आपल्याला कोणी सांगत नाही. जपानमधला पहिला मालक सांगत नाही, लिलाववाला सांगत नाही, बंदरावरचा दलाल सांगत नाही. आणि आता सख्खा भाऊसुद्धा सांगेनासा झाला आहे.

पण थांब. आधी रीत.

शरद सुखाचा गेला ना? झामीन ऊदला, सीमेवरच्या तुझ्या गाड्यांच्या यार्डात, वाळू फार उडते म्हणतात, डोळे सांभाळ. इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, जीभही आहे तशीच आहे. माझी शाळा चालू आहे. तुझी भाची नोमिन बरी आहे. जरा अंगाने भरली आहे, चेहऱ्यावर तेज आहे. आई तिला काही उचलू देत नाही. बाकी कुशल. झाली रीत. आपल्यात आधी ‘सगळं ठीक’ म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. घराला आग लागलेली असली तरी आपला माणूस पाहुण्याला आधी ‘सुखरूप आहोत’ म्हणेल, खारट चहाची वाटी पुढे करेल आणि मग हळूच विचारेल, तुमच्याकडे बादली आहे का? या रीतीनेच आपलं वाटोळं केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे पत्र आगगाडीतल्या त्सेवेलबाईच्या हाती देते आहे. तू येताजाता बसतोस त्याच डब्याची देखरेख ती करते आणि तुला ओळखते. मी फोन केला की तुझा फोन बंद. शाळेच्या फोनवरून केला की तू उचलतोस, ‘हॅलो’ म्हणतोस, माझा आवाज ऐकतोस आणि लाइन तुटते. प्रत्येक वेळी वाळवंटातलं वादळच आडवं येतं का रे?

तर मुद्दा. ऑगस्टमध्ये तू नोमिनसाठी गाडी घेऊन आलास तो दिवस आठव. पांढरी, धुतलेली, आरशाला शुभ म्हणून निळा रेशमी खदग बांधलेला. नोमिन उड्या मारत होती. मी तुला एवढंच म्हटलं, “चोइजिल, माझ्या शाळेतल्या एका शिक्षकाकडे बॅटरी तपासायचं यंत्र आहे. डॅशबोर्डखाली लावलं की पाच मिनिटांत कळतं. लावू या?”

तू हसलास. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, “ताई, भावाने दिलेल्या घोड्याचे दात बघतेस? मग शेपूटही मोजून घे!”

सगळे हसले. मीही हसले असते, पण तेवढ्यात आई दुधाचं भांडं घेऊन बाहेर आली आणि चारही चाकांवर शिंपडून मोकळी झाली. आणि एकदा चाकाला दूध लागलं की त्या वाहनाला कोणी नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं तर वाट नाराज होते. आईने माझ्याकडे असं पाहिलं की पन्नाशी उलटलेली मी शिक्षिका, चौकात हजार माणसांपुढे मंत्र्याला जाब विचारणारी बाई, यंत्र पिशवीतच ठेवून गप्प बसले.

तुला ते दूध वेळेवर आलेलं बरं वाटलं का रे? आईला आत जाऊन ‘दूध आण’ असं कोण म्हणालं होतं? मी आईला विचारलं, तर म्हणते आठवत नाही. बरं, सोडून दे.

आता गाडीचं ऐक. सप्टेंबरच्या मध्यावर डॅशबोर्डवर लाल त्रिकोण लागला. नोमिनने तुला फोन केला. तिचा फोन तू लगेच उचलतोस. तू सांगितलंस, “मागच्या सीटच्या बाजूला हवेची जाळी आहे, ती साफ कर.” तिने केली. त्या जाळीतून काय निघालं सांगू? मेंढीची लोकर! आईने थंडीसाठी मागच्या सीटवर पायघोळ नमदा अंथरला होता आणि त्याने बॅटरीचा श्वासच बंद केला होता. जपानी माणसाला वाटलंही नसेल की कोणी गाडीच्या सीटला मेंढी पांघरेल. आम्ही नमदा कापला, जाळी धुतली, दिवा गेला. मी मनात म्हटलं, चला, भाऊ खरा आहे. आठवडाभर तसं मानलंही.

आठवड्यानंतर दिवा पुन्हा लागला.

तेव्हापासून मी वाचते आहे. तुला माहीत आहे, मला एखादी गोष्ट कळली नाही की झोप लागत नाही. जपानी पुस्तिकेची पानं भाषांतर करून घेतली. काही गोष्टी मला आता कळतात. बॅटरी निरोगी असेल तर चढावर डॅशबोर्डवरच्या चार्जच्या पट्ट्या हळूहळू उतरतात आणि उतारावर हळूहळू चढतात, मोठ्या भांड्यातलं पाणी जसं सावकाश हलतं तशा. नोमिनच्या गाडीत झाइसानच्या टेकडीखाली पट्ट्या भरलेल्या असतात, अर्ध्या चढावर एकच उरते, आणि उतारावर वळण घेतलं की लगेच पुन्हा भरलेल्या. हे भरणं नाही. भांडंच वाटीएवढं राहिलं आहे. वाटी पटकन भरते आणि पटकन रिकामी होते. शिवाय मागून पंख्याची घरघर एवढी, की आई म्हणते मागे कोणीतरी घोरतंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: या गाडीला साध्या गाडीसारखा वेगळा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवते तीच मोठी बॅटरी. म्हणूनच उणे पस्तीसमध्ये आपले लोक या गाड्यांवर जीव टाकतात, कारण बाकीच्या गाड्या गोठतात तेव्हा या सुरू होतात. पण ती बॅटरीच खोटी असेल तर? मग खिंडीत एकदा गाडी बंद झाली की ती पुन्हा सुरू होणार नाही. आत बसलेला माणूस बसलेलाच राहील.

मी हे नोमिनला सांगितलं. ती म्हणाली, “आई, तुझा राग बॅटरीवर नाही. मामावर आहे.”

ऐकतोस ना? लेक मला असं म्हणते! आणि का म्हणते तेही तुला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी नव्या वर्षाच्या दिवशी, सगळ्या नातेवाइकांसमोर, मांस भरून उकडलेल्या वाफाळत्या बूझच्या ताटासमोर मी म्हणाले होते की, आपल्या पणजोबांना परके व्यापारी विटेसारख्या दाबलेल्या चहाच्या बदल्यात लुटत होते, त्यांना आपण हाकललं आणि आता आपलेच लोक आपल्याच लोकांना मेलेल्या गाड्या विकतात. तू ताटावरून उठलास. त्यानंतर दोन नवी वर्षं तू आला नाहीस. मी तेव्हा बोलले ते खरं होतं, आजही खरं आहे. फक्त तेव्हा मी ते तुला उद्देशून बोलले नव्हते. तू ते अंगावर का घेतलंस, हा प्रश्न मला आता पडतो.

मला पैसे नको आहेत, माफी नको आहे. एका प्रश्नाचं एका शब्दात उत्तर दे. जपानहून आली ती बॅटरी अख्खी तशीच आहे, की तू तिला उघडलंस?

‘तशीच’ किंवा ‘उघडली’. एवढंच लिही. त्सेवेलबाई परतीच्या फेरीत तुझ्याकडे येईल.

आईने तुला लोकरीचे मोजे विणले आहेत, सोबत आहेत. वाळवलेल्या दह्याचे पांढरे आरूलही आहेत. दात सांभाळून खा, यंदा फार कडक झाले आहेत.

उत्तराची वाट पाहणारी,
ओयुनदारी


उलानबातर
१० नोव्हेंबर

चोइजिल,

तुझं उत्तर पोहोचलं. संत्र्यांची पेटी आणि तोंडी निरोप! त्सेवेलबाई स्टेशनवर उभी राहून, आधी इकडेतिकडे बघून, मग तुझा निरोप अगदी तुझ्या आवाजात म्हणाली: “ताईला म्हणावं, बॅटरी ठणठणीत आहे. भाषण कमी कर, दूध जास्त शिंपड.”

मी म्हणाले, “त्सेवेल, तो हे बोलताना हसत होता का?”

ती म्हणाली, “हसत होता. पण बूट बघून.”

‘तशीच’ नाही, ‘उघडली’ नाही. ठणठणीत! विचारलं काय, सांगतोस काय? तुला वाटलं ही इतिहासाची बाई, हिला व्होल्टेजमधलं काय कळतं. चोइजिल, इतिहासाच्या बाईला एक गोष्ट नक्की कळते. ज्याला साधं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही, तो काहीतरी लपवतो.

म्हणून मी गाडी शागदरकडे नेली. शागदर माझा विद्यार्थी होता. आता हायब्रिडच्या बॅटऱ्यांचं मोठं दुकान चालवतो, बोटात अंगठ्या, गळ्यात साखळी, बोलणं असं की जणू वीज यानेच शोधली. मला बघून ओरडला, “अरे, बाई! मला इतिहासात नापास केलंत आणि आज माझ्या दारात?”

मी म्हणाले, “तू तेव्हाही तारखा चुकवायचास. आज आकडे नीट वाच.”

“बाई, गाडी आत्ता गरम आहे. आत्ता तपासली तर ती तुम्हाला गाणं गाऊन दाखवेल. इथे अंगणात सोडा. रात्रभर थंडी खाऊ दे, सकाळी बघू. गरम गॅरेजमधली बॅटरी म्हणजे पाहुण्यांसमोर आंघोळ घालून बसवलेलं पोर. खरं रूप थंडीत दिसतं.”

सकाळी गेले. नोमिनला मुद्दाम बरोबर नेलं. शागदरने यंत्र लावलं, एक पाय ब्रेकवर ठेवला आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पडद्यावर बॅटरीच्या कप्प्यांचे खांब उभे होते, सगळे जवळपास सारख्या उंचीचे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तसे बाकीचे जरा वाकले, आणि दोन सरळ कोसळले. त्यातला एक तर लंगड्या घोड्यासारखा गुडघ्यावर आला. पाय काढला की पुन्हा उभा. शागदरने तीनदा करून दाखवलं. तिन्ही वेळा तेच दोन.

नोमिन म्हणाली, “थंडीमुळे असेल.”

शागदर म्हणाला, “ताई, थंडी सगळ्यांनाच लागते. मग बाकीचे का उभे आहेत?”

मग त्याने मागची सीट काढली. झाकण काढलं. आत वेगवेगळ्या वयाचे तुकडे होते. काहींवर धूळ चिकटून दगड झालेली, काही पुसून चकचकीत केलेले. तो म्हणाला, “तीन मेलेल्या बॅटऱ्यांतले जिवंत तुकडे निवडून एक बनवली आहे. बाजारात सगळे करतात. मीही करतो, खोटं कशाला बोलू? पण करताना एकसारखी ताकद जुळवावी लागते. हे ज्याने केलं, त्याला घाई होती.” आणि मग डोळा मिचकावून म्हणाला, “बाई, दिवा मी पाच मिनिटांत घालवून देतो. आठवडाभर लागणार नाही. तेवढ्यात विकून टाका. कोणाला कळणार? शिक्षिकेची गाडी म्हटल्यावर लोक डोळे मिटून घेतात.”

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. अंगणातली दोन गिऱ्हाइकं परत गेली एवढं सांगते. शागदर हात जोडून म्हणाला, “बाई, दुकान बंद पाडू नका!”

आणि मग मला ते दिसलं. आतल्या तारांच्या जुड्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेल्या नव्हत्या. उंटाच्या केसांच्या पिळलेल्या दोरीने बांधलेल्या होत्या, दोन वेढे आणि वर उलटी गाठ.

तुला माहीत आहे मी काय म्हणते आहे. लहानपणी शिंगरांच्या गळ्यात, दुधाच्या कातडी पिशवीला, माझ्या दप्तराच्या तुटलेल्या पट्ट्याला, सगळीकडे तू हीच गाठ मारायचास. बाबांनी कितीदा सांगितलं, ही गाठ सुटत नाही, कापावी लागते, आणि तू म्हणायचास, “म्हणूनच मारतो.” सगळ्या उलानबातरमध्ये दुसरा कोणी अशी गाठ मारत नाही, चोइजिल.

मी नोमिनला दाखवली. ती वाकायला गेली, तर शागदरच म्हणाला, “ताई, तुम्ही वाकू नका, मी फोटो काढून दाखवतो.” तिने फोटो बघितला. खूप वेळ बघितला. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता पटलं. पण ती काय म्हणाली सांगू?

“म्हणजे मामाने उघडून नीट केली. ती आधी बिघडलेली होती, त्याने दुरुस्त केली. नाहीतर एवढ्या काळजीने गाठ कशाला मारली असती?”

चोइजिल, मी आयुष्यात कधी इतकी हतबल झाले नव्हते. शिक्षकांच्या संपात बर्फात उभी राहून मी दोन तास बोलले आहे आणि पोलिसांनीसुद्धा मान डोलवली आहे. संसदेच्या पायऱ्यांवर बोलले आहे. आणि माझी स्वतःची मुलगी, जनावरांची डॉक्टर, जी मेंढीच्या डोळ्यातल्या रंगावरून तिच्या पोटातला जंत ओळखते, ती पडद्यावरचे दोन कोसळलेले खांब बघूनही म्हणते, मामा मला फसवणार नाही. मी ओरडले. ती म्हणाली, “आई, तू नेहमीच ओरडतेस. शाळेच्या भिंतीचा रंग उडाला तरी ओरडतेस. कुठलं ओरडणं खरं आणि कुठलं नेहमीचं, हे मी कसं ओळखायचं?”

  पण माझं ओरडणं नेहमीचं आहे म्हणून तुझी बॅटरी खरी होत नाही.

आता ऐक. नोमिनला डोंगरापलीकडच्या आरखांगाई प्रांतात नेमणूक मिळाली आहे. यंदा हिवाळा वाईट जाईल असं सगळे म्हणतात. गवत कमी, बर्फ आधीच पडला आहे. तिथे कळपा-कळपात फिरायला डॉक्टर हवा. शुक्रवारी सकाळी ती निघणार, याच गाडीने. डिकीत लशींच्या थंड पेट्या, औषधं, तिचं बिऱ्हाड. बसने जा म्हटलं तर म्हणते, “एका कळपाकडून दुसऱ्या कळपाकडे बसने जाऊ?” मी किल्ली लपवली. तिने दुसरी किल्ली काढून दाखवली. तूच दिली होतीस तिला, माझ्या नकळत. जावई खाणीवर आहे, पाळीत अडकलेला, त्याला फोन केला तर म्हणतो, “आई, तिचं आणि मामांचं तुम्ही बघा, मी मधे पडत नाही.”

शागदरकडे एक चांगली बॅटरी आहे, अख्खी, जुळलेली, माझ्यासमोर तपासून घेतलेली. तिला रात्रभर अंगणात ठेवून सकाळी खांब बघितले, एकही वाकला नाही. ती त्याने माझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. एका दिवसात बसवून देतो म्हणतो. सगळं तयार आहे. फक्त गाडी नोमिनची आहे, तिने ‘हो’ म्हणायला हवं. आणि ती म्हणते, “मामा ठणठणीत म्हणतोय तर उगाच कशाला?”

तुझा एक शब्द तिच्या मनात केवढा मोठा आहे, बघ. तिचे बाबा गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. तिचं पहिलं जावळ तू कापलंस. तिला पहिल्यांदा घोड्यावर तू बसवलंस, आणि घोडा उधळला तेव्हा लगामाला लोंबकळत तू फरफटत गेलास, पण सोडलं नाहीस. ते तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या माणसाने बॅटरीत मेलेले तुकडे घातले, हे ती माझ्या तोंडून मानणार नाही. मी तिच्या जागी असते तर मीही मानलं नसतं.

आता जे लिहायचं टाळत आले आहे ते लिहिते.

आपल्यात जन्माआधी हे कोणी कागदावर आणत नाही. आईला कळलं तर ती पत्र चुलीत टाकेल. मी रीत मोडते आहे. दुसरा मार्ग राहिलेला नाही.

नोमिनला सातवा महिना आहे.

म्हणूनच आई तिला काही उचलू देत नाही. म्हणूनच शागदर तिला वाकू देत नव्हता. त्याने पहिल्याच नजरेत ओळखलं, आणि तुला मात्र मी एवढ्या दिवसांत सांगितलं नाही. तुझ्या बॅटरीचं भांडण बॅटरीचंच राहावं, पोटातल्या जिवाला त्यात ओढू नये, असं मला वाटत होतं. आणि खरं सांगू, हे सांगून तुझ्याकडून सत्य काढावं लागू नये, असंही वाटत होतं. सत्य तसंच, भावाने बहिणीला सांगावं म्हणून सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

जानेवारीत तिला बाळंतपणासाठी खिंड ओलांडून इकडे यावं लागेल. तिथल्या छोट्या दवाखान्यात पहिलं बाळंतपण करत नाहीत, मोठ्या गावाला पाठवतात. जानेवारीत त्या खिंडीत काय थंडी असते ते तुला सांगायची गरज नाही. तू आणि बाबा तिथे एकदा ट्रकच्या टायरला आग लावून ऊब घेत बसला होतात. ट्रक होता, तुम्ही दोन पुरुष होतात. ही एकटी असेल. एकटी म्हणजे दोघं.

मी तिला हे सगळं बोलून दाखवलं. ती हसली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, “मामाने दिलेली गाडी आहे, आई. मामाच्या गाडीत माझ्या बाळाला काही होणार नाही.”

 मी उठले आणि हे पत्र लिहायला बसले, चोइजिल.

तू हे का केलंस ते मला विचारायचं नाही. त्या यार्डात सगळेच करतात, मालकाची घाई असते, एक गाडी गेली की दुसरी येते, हे मला कळतं. त्यावर मी एक भाषण नक्की करेन, आणि त्यात तुझं नाव नसेल. पण ते नंतर. भाषण ऐकायला लोक थांबतात, खिंड थांबत नाही. माझा राग आहे, तो राहील. तू नव्या वर्षाला आलास तर मी तुला बूझ वाढताना एकदा तरी टोमणा मारीन, तोही तू गिळशील. ते सगळं आपलं आपण बघून घेऊ.

आज बुधवार. हे पत्र आज संध्याकाळच्या गाडीने त्सेवेलबाईच्या हाती जातं आहे. मी तिला सांगितलं आहे की तू वाचेपर्यंत तुझ्यासमोरून हलायचं नाही, गाडी सुटली तरी चालेल. ती म्हणाली, “गाडी सुटली तर माझी नोकरी जाईल.” मी म्हणाले, “मग मोठ्याने वाचून दाखव.” त्यामुळे हे तू कदाचित तिच्या तोंडून ऐकत असशील. ऐक.

मला फोन करू नकोस. मला पत्र लिहू नकोस, संत्री पाठवू नकोस, माफी मागू नकोस. नोमिनला फोन कर. तुझ्या स्वतःच्या तोंडाने, तुझ्या स्वतःच्या आवाजात, हेच शब्द म्हण: “नोमिन, ती बॅटरी मी तुकडे जोडून बनवली आहे. गाडी शहराबाहेर नेऊ नकोस. शागदरकडे जा आणि नवी बसवून घे.”

ती रडेल. तुला काहीतरी वाईट बोलेल, किंवा काहीच बोलणार नाही आणि फोन ठेवेल. तेवढं तुला सोसावं लागेल. जेवढं खरं आहे तेवढंच सांग.

उद्या दुपारच्या आत तिला फोन कर.

तुझीच, काहीही झालं तरी तुझीच,
ओयुनदारी